नदीचा शेजार

उत्तर इंग्लंडमधील कॅल्डर नदीच्या काठी सहा वर्षे सहकुटुंब वास्तव्य केलेल्या एका अभियंत्याने सांगलीकर नागरिकांसमोर केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.



पूर म्हणजे काय, हे सांगलीत येऊन सांगण्याचे धाडस मी करणार नाही. आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर गेले म्हणजे कोणत्या गल्लीत शिरते, हे येथील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्या पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले, तेव्हा येथे काय घडले हे आपण सर्वांनी भोगले आहे. तेव्हा मी आज आपल्याला पुराविषयी काही शिकवायला आलेलो नाही. एका दूरच्या, थंड प्रदेशातील लहानशी वस्ती आपल्या नदीशी शेजारधर्म कसा पाळते, एवढेच सांगण्याचा माझा हेतू आहे.

परदेशात राहून आलेल्या माणसाकडून आपल्याकडे साधारणतः दोन प्रकारची भाषणे ऐकायला मिळतात. पहिल्या प्रकारात तेथील सगळेच वंदनीय असते, दुसऱ्यात सगळेच त्याज्य. या दोन्हींपासून दूर राहून, जे पाहिले ते तसेच सांगावे आणि त्यातून घेण्यासारखे काय आहे याचा विचार आपण सर्वांनी मिळून करावा, अशी माझी विनंती आहे.

दोन प्रवाहांची जागा

इंग्लंडच्या उत्तर भागात यॉर्कशायर आणि लँकेशायर या प्रांतांना विभागणारी पेनाइन नावाची डोंगररांग आहे. तिच्या पूर्व उतारावर कॅल्डर नदी उगम पावते. टॉडमॉर्डन, हेब्डन ब्रिज, मायदमरॉइड, सॉवर्बी ब्रिज अशी एकापाठोपाठ एक गावे ओलांडत ती पुढे वेकफील्डकडे जाते आणि कॅसलफर्ड येथे एअर नदीला मिळते. यांपैकी मायदमरॉइड या गावी, नदीपासून हाकेच्या अंतरावर, दगडी घरांच्या एका ओळीत आम्ही राहत होतो. लोकसंख्या चार हजारांच्या आसपास. हॅलिफॅक्स हे मोठे शहर पूर्वेला दहा-अकरा किलोमीटरवर. आगगाडीने एका दिशेला लीड्स, दुसऱ्या दिशेला मँचेस्टर. त्यामुळे नोकरी शहरात आणि राहणे खेड्यात, अशी सोय अनेकांना साधते. आम्हीही त्यांतलेच.

मायदमरॉइड हे नाव उच्चारायला कठीण, परंतु अर्थाने आपल्याला जवळचे आहे. दोन प्रवाह मिळतात तेथील, झाडे तोडून मोकळी केलेली जागा, असा त्याचा अर्थ सांगतात. दक्षिणेकडील दरीतून येणारा एल्फिन ब्रूक हा ओढा गावातच कॅल्डरला मिळतो. कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूर ज्यांना परिचित आहे, त्यांना अशा नावाचे अप्रूप वाटणार नाही. संगमावर वस्ती करावी, त्या स्थानाला नाव द्यावे आणि त्या नावाने स्वतःला ओळखावे, ही माणसाची जुनी खोड सर्वत्र सारखीच दिसते.

याच गावात १९३० साली टेड ह्यूज हा कवी जन्मला. पुढे १९८४ मध्ये तो इंग्लंडचा राजकवी झाला. या दरीवर त्याने एक संपूर्ण कवितासंग्रह लिहिला. त्याचे जन्मघर एका साध्या कामगार वस्तीतील ओळीत आहे. आपल्याकडील चाळींप्रमाणे ही घरे एकमेकांच्या आधाराने उभी असतात; भिंत एक, छप्पर एक, बिऱ्हाडे निराळी. गिरण्यांच्या धुराने काळवंडलेला तो दगड अजूनही अनेक घरांवर तसाच दिसतो.

तेथील दिनक्रमही साधा. सकाळी गाडी पकडण्याची धावपळ, सायंकाळी नदीकाठच्या किंवा कालव्याच्या वाटेने फेरफटका. गिरण्यांच्या काळात रंगाच्या पाण्याने वाहणाऱ्या या नदीत आता मासे आहेत, काठावर बगळा ध्यानस्थ उभा असतो. वसंत ऋतूत गावात एक गमतीची स्पर्धा भरते. रानात उगवणाऱ्या एका पालेभाजीत खाजकुयलीसारखी आग करणारी दुसरी एक भाजी, कांदा आणि ओटचे पीठ घालून ती शिजवतात. तिला डॉक पुडिंग म्हणतात. १९७१ पासून या पदार्थाची ‘जागतिक’ स्पर्धा या चार हजार वस्तीच्या गावात होत आली आहे. माझ्या पत्नीने ती भाजी पहिल्यांदा चाखली आणि म्हणाली, “ही तर आपल्या अळूच्या फदफद्याची मावसबहीण!” गरिबीच्या दिवसांत रानातून खुडून आणलेल्या भाजीचा आज ते अभिमानाने उत्सव करतात, हे मला आवडले.

माणसे डोंगरावरून खाली का आली?

ही माणसे नदीकाठी मुळात राहायला आली कशी, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. कारण या दरीतील जुनी वस्ती तळाशी नव्हतीच. हेप्टन्स्टॉलसारखी जुनी गावे डोंगराच्या खांद्यावर आहेत. दरीचा तळ दलदलीचा, झाडीचा आणि पुराचा म्हणून पूर्वजांनी तो टाळला होता. घोड्यांच्या पाठीवर लोकरीचे गठ्ठे लादून चालणारा व्यापारही वरच्या वाटांनीच होत असे. नदी फक्त ओलांडायची. हेब्डन ब्रिज येथील दगडी पूल सोळाव्या शतकाच्या प्रारंभीचा आहे, तो याच वाहतुकीसाठी बांधलेला. आपल्याकडेही जुने गावठाण उंचावर आणि नदीकाठी फक्त घाट व देऊळ, अशी रचना अनेक गावांत दिसते. दोन्हीकडच्या पूर्वजांची बुद्धी एकाच मार्गाने चालली होती.

पुढे यंत्रे आली. यंत्र फिरवायला वाहते पाणी हवे म्हणून गिरण्या ओढ्यांच्या काठी उतरल्या. वाफेचे युग आले तेव्हा कोळसा आणण्यासाठी कालवा हवा, लोहमार्ग हवा. रॉचडेल कालवा १८०४ मध्ये पूर्ण झाला, १८४१ पर्यंत लोहमार्गही या दरीतून गेला. अरुंद तळात नदी, कालवा, रस्ता आणि लोहमार्ग असे चौघे दाटीवाटीने बसले. उरलेल्या पट्ट्यात गिरण्या आणि कामगारांची घरे उभी राहिली. हेब्डन ब्रिज येथे तर जागाच न उरल्याने घरावर घर चढवले गेले. उतारावरील एकाच इमारतीत खालच्या घराचे दार खालच्या गल्लीत आणि वरच्या घराचे दार मागच्या, उंचावरील गल्लीत. दोन कुटुंबे, दोन मालक, दोन पत्ते. मधली जमीन मात्र एकाची फरशी आणि दुसऱ्याचे छत.

नदीचे पात्र या गर्दीत आवळले गेले. तिच्या दोन्ही बाजूंना दगडी भिंती उभ्या राहिल्या, काही ठिकाणी तिच्यावरच इमारती आल्या. टॉडमॉर्डनचे नगरभवन तर एका ओढ्यावर बांधलेले आहे. नदीला पसरायला जी जागा निसर्गाने ठेवली होती, ती माणसाने वापरून टाकली.

या इतिहासात आपलाही एक धागा गुंतलेला आहे. ही दरी लोकरीची होती, तशीच कापसाचीही होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तेथील कापूस बंद झाला आणि लँकेशायर व त्याच्या सीमेवरील गिरण्यांनी हिंदुस्थानचा कापूस घेतला. त्याला तेथे ‘सुरत’ म्हणत. धागा आखूड, वारंवार तुटणारा. त्यामुळे ‘सुरत’ हा शब्द तेथील विणकऱ्यांत निकृष्ट मालाला उद्देशून वापरला जाऊ लागला. त्याच वर्षांत मुंबईत त्याच कापसाने सोन्याचा पाऊस पाडला आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये मुंबईचा शेअरबाजार कोसळला. कॅल्डरच्या काठचा बेकार विणकरी आणि मुंबईचा दिवाळखोर दलाल एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण एकाच दोऱ्याने बांधलेले होते. आज त्या गिरण्या बंद आहेत. यंत्रांसाठी नदीकाठी उतरलेली माणसे मात्र यंत्रे गेल्यावरही तेथेच आहेत.

आठ वर्षांत तीन तडाखे

या दरीला पूर नवे नाहीत. परंतु अलीकडे त्यांची वारंवारता वाढली आहे. २०१२ च्या जून-जुलैत तेथे पूर आला. २६ डिसेंबर २०१५ रोजी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, महापूर आला. ९ फेब्रुवारी २०२० रोजी ‘सियारा’ या वादळाने पुन्हा तोच प्रसंग आणला. आठ वर्षांत तीन तडाखे.

२०१५ चा डिसेंबर हा ब्रिटनमधील नोंदींनुसार सर्वाधिक पावसाचा महिना ठरला. डोंगर आधीच भिजून चिंब झाला होता. त्यावर नाताळच्या रात्री मुसळधार पाऊस पडला. दरी उभ्या उताराची असल्याने पाणी येण्यास दिवस लागत नाहीत. काही तासांतच नदी भिंतींच्या वर येते. कॅल्डरडेल भागात अडीच हजारांहून अधिक घरांत आणि दीड हजारांहून अधिक दुकाने-व्यवसायांत पाणी शिरले. एलंड येथील पूल कोसळला. आम्ही २०१६ च्या उन्हाळ्यात तेथे राहावयास गेलो, तेव्हाही अनेक घरे रिकामी होती. दगडी भिंती वाळण्यास महिनेच्या महिने लागतात. थंड हवेत ओल हटत नाही, त्यासाठी यंत्रे रात्रंदिवस चालू ठेवावी लागतात.

आमच्या घरात खालच्या खोलीला गालिचा नव्हता, फरशी होती. विजेची बटणे आणि प्लग छातीच्या उंचीवर होते. दाराच्या दोन्ही बाजूंना धातूच्या खाचा होत्या, त्यांत अ‍ॅल्युमिनियमच्या फळ्या बसवून दार बंद करता येई. तेथील घरांना जमिनीलगत हवा खेळण्यासाठी जाळीदार विटा असतात. त्यांना झाकणे होती, कारण पाणी प्रथम तेथूनच शिरते. मोरीच्या नळाला उलट दिशेने पाणी येऊ न देणारी झडप होती. घराघराने पुराला गृहीत धरून आपली मांडणी बदलली होती. लग्नाचे फोटो, कागदपत्रे आणि आईच्या हातची रजई वरच्या मजल्यावर. खाली तेच ठेवायचे जे धुऊन वापरता येईल. कोणी याविषयी कुरकुर करताना मला दिसले नाही. पावसाळी प्रदेशातील माणूस छत्री बाळगतो, तितक्या सहजतेने ते हे करीत.

भोंगा वाजल्यानंतर

ब्रिटनमध्ये पुराचे इशारे तीन पायऱ्यांचे असतात. पहिला सावध राहण्याचा, दुसरा पूर येणारच असे सांगणारा, तिसरा जिवाला धोका असल्याचा. नदीची पातळी मोजणारी केंद्रे दर पंधरा मिनिटांनी नोंद घेतात आणि ती नोंद कोणालाही पाहता येते. सांगलीकर जसे पुलाकडे डोळे लावून फूट मोजतात, तसे तेथील लोक पावसाच्या रात्री मोबाईलवर त्या आकड्याकडे डोळे लावून बसतात. परंतु मोबाईल बंद असू शकतो, वृद्धांना तो वापरता येत नाही. म्हणून टॉडमॉर्डन, हेब्डन ब्रिज आणि मायदमरॉइड येथे दुसऱ्या महायुद्धात विमानहल्ल्याच्या वेळी वाजत तसे भोंगे ठेवले आहेत.

९ फेब्रुवारी २०२० हा रविवार होता. सकाळी तो भोंगा वाजला. त्यानंतर जे घडले ते मी लक्षपूर्वक पाहिले. कोणी धावाधाव केली नाही. दोन घरे पलीकडचे निवृत्त गृहस्थ पिवळे जाकीट घालून बाहेर आले. ते गावातील पूर-रक्षक स्वयंसेवकांपैकी एक. त्यांच्याजवळ गल्लीतील घरांची यादी होती. कोणत्या घरात एकटे राहणारे वृद्ध आहेत, कोणाला चालता येत नाही, कोणाकडे प्राणवायूचे यंत्र विजेवर चालते, कोणाच्या घराची दुसरी किल्ली कोणाकडे आहे, हे सर्व त्या कागदावर होते. आमच्या शेजारी राहणाऱ्या ऐंशी वर्षांच्या आजींच्या दाराला फळ्या लावण्याचे काम त्या यादीत माझ्या नावावर होते. ते मला कोणी त्या दिवशी सांगितले नाही. चार महिने आधीच, कोरड्या दिवशी, एकदा लावून दाखवायला लावले होते. फळ्या लावून आजींना, त्यांच्या मांजरासह, आम्ही आमच्या वरच्या मजल्यावर आणले. त्यांनी जिन्यावर थांबून मला विचारले, “तुमच्या देशात नदीला आई म्हणतात ना? मग ती रागावते तेव्हा तुम्ही काय करता?” मी म्हणालो, “ओटी भरतो.” त्या हसल्या आणि म्हणाल्या, “आम्ही चहा करतो.”

त्या दिवशी आमच्या गल्लीत पाणी गुडघ्यापर्यंत आले. फळ्यांनी बरेचसे अडवले, सगळे नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून चिखल उपसणे सुरू झाले. हातात फावडे असलेल्या माणसाला कोणी त्याचा धर्म, प्रांत वा पगार विचारत नव्हते. २०१५ मध्येही असेच झाले होते. ब्रिटनमधील शीख बांधवांच्या खालसा एड या संस्थेचे स्वयंसेवक त्या वेळी या दरीत आले, गुरुद्वाऱ्याच्या लंगरातून गरम जेवण आले. जवळच्या शहरांतील मुस्लिम तरुणांचे गटही मदतीस आले. ज्यांनी आयुष्यात कधी पगडीधारी माणसाशी चार शब्द बोलले नव्हते, अशा म्हाताऱ्या यॉर्कशायरवासीयांच्या तोंडी त्या डाळ-भाताची आठवण आम्ही अनेकदा ऐकली. आपल्या मातीत रुजलेल्या सेवेच्या परंपरेला परक्या भूमीत असा मान मिळताना पाहून ऊर भरून येत असे.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. सरकारी यंत्रणा तेथे आहे, कार्यक्षमही आहे. परंतु उभ्या उताराच्या दरीत ती पोहोचण्यापूर्वीच पाणी पोहोचते. पहिले दोन-तीन तास ज्याच्या भिंतीला आपली भिंत लागून आहे, त्याच्याच भरवशावर काढावे लागतात. २०१९ मध्ये आपल्या ब्रह्मनाळला नाव उलटून जो अनर्थ झाला, त्याचे दुःख आपण विसरू शकत नाही. पहिली मदत नेहमी शेजाऱ्याचीच असते. प्रश्न एवढाच, की ती मदत आधी तयारी केलेली असते की ऐनवेळी हाताला लागेल ती.

डोंगरावरचे काम

यादी, भोंगा, फळ्या हे सर्व पाणी आल्यानंतरचे. २०१५ नंतर या दरीतील काही नागरिकांनी एक वेगळा प्रश्न विचारला : पाणी इतक्या वेगाने खाली येतेच का?

उत्तर डोंगरमाथ्यावर होते. पेनाइनच्या माथ्यावर पीट नावाची, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची काळी माती आहे. ती निरोगी असेल तर स्पंजासारखे पाणी धरते. तिच्यावर स्फॅग्नम नावाचे शेवाळ वाढते, तेही पाणी धरते. परंतु दीडशे-दोनशे वर्षे गिरण्यांच्या धुरातून पडलेल्या आम्लाने ते शेवाळ मारले, माथ्यावर चर खणून पाणी काढून दिले गेले, शिकारीच्या पक्ष्यांसाठी झुडपे जाळली गेली, मेंढ्यांनी उतार उघडे केले. स्पंज कडक झाला आणि पाऊस कौलावरून ओघळावा तसा ओघळू लागला. ज्या गिरण्यांनी माणसांना नदीकाठी आणले, त्यांच्याच धुराने माथा नागवा केला, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे.

मग ‘स्लो द फ्लो’ या नावाची, पाण्याचा वेग कमी करण्याचे ध्येय घेतलेली, स्वयंसेवकांची संस्था २०१६ मध्ये उभी राहिली. हेब्डन ब्रिजच्या वरच्या हार्डकॅसल क्रॅग्ज या वनक्षेत्रात, त्या जमिनीची मालक असलेल्या नॅशनल ट्रस्टच्या सहकार्याने, त्यांनी ओढ्या-नाल्यांवर लाकडाचे शेकडो बांध घातले. हे बांध मुद्दाम गळके असतात. ओंडके आडवे टाकून तळाशी फट ठेवलेली असते. रोजचे पाणी खालून निघून जाते; नाला फुगला की वरचे पाणी ओंडक्यांशी अडते, बाजूच्या झाडीत पसरते आणि सावकाश खाली येते. एका बांधाने फारसे साधत नाही. शेकडो बांधांनी शिखरावरच्या पाण्याला थोडा उशीर होतो. सगळे ओढे एकाच क्षणी नदीत न ओतता मागे-पुढे ओततात, आणि नदीची उंची तेवढी कमी राहते. झाडे लावणारी ट्रीस्पॉन्सिबिलिटी ही दुसरी संस्था तर त्याही आधीपासून या दरीत काम करते आहे.

मी स्वतः काही रविवार या बांधांवर काम केले. सोबत एक शिक्षिका, एक सुतार, दोन महाविद्यालयीन मुले आणि एक निवृत्त अभियंता असत. पावसात ओंडके ओढता ओढता मला सारखे वाटे, की हे आपण कोठेतरी पाहिले आहे. आणि लक्षात आले : आपल्या पाणलोट क्षेत्र विकासाचे सूत्रच ‘माथा ते पायथा’ असे आहे! डोंगरमाथ्यावर समतल चर, उतारावर अनघड दगडी बांध, खाली माती-नालाबांध. राळेगणसिद्धी, हिवरेबाजार ही नावे आपण अभिमानाने घेतो. जे तंत्र त्यांनी २०१६ नंतर हाती घेतले, ते महाराष्ट्राच्या अवर्षणग्रस्त गावांनी कित्येक वर्षे आधी श्रमदानाने सिद्ध केलेले आहे.

बंधुंनो, येथेच मला आजचे मुख्य म्हणणे मांडायचे आहे. पाणी अडवण्याची विद्या आपण दुष्काळासाठी शिकलो. पुरासाठी मात्र तिचा विचार क्वचितच केला. जणू दुष्काळी माण-खटावचा आणि पूरग्रस्त सांगली-कोल्हापूरचा महाराष्ट्र निरनिराळा आहे. वास्तविक एकाच डोंगराचे हे दोन उतार आहेत. नदी ही काठावरच्या वस्तीपुरती नसते. पाऊस ज्या माथ्यावर पडतो, तेथपासून तिचा संसार सुरू होतो. म्हणून नदीकाठच्या माणसाचा खरा शेजारी पलीकडच्या गल्लीतला तर आहेच. त्याहून मोठा शेजारी तीस कोस वर, डोंगरावर राहणारा आहे.

भिंत, विमा आणि न सुटलेले प्रश्न

कॅल्डरच्या दरीत सर्व सुरळीत आहे, असे समजू नका. मायदमरॉइडला तीन कोटी पौंडांहून अधिक खर्चाची पूरनियंत्रण योजना झाली. पात्र रुंद केले, भिंती उंचावल्या, एक पूल नव्याने बांधला. २०२० चा पूर आला तेव्हा हे काम अपुरेच होते. शिवाय भिंत उंच केली, की नदी दिसेनाशी होते आणि एका गावाची भिंत पुढच्या गावाच्या दारात अधिक पाणी नेऊन सोडेल काय, ही शंका राहते.

डोंगरावरच्या बांधांचीही मर्यादा आहे. डोंगर आधीच पूर्ण भिजलेला असेल, जसा २०१५ मध्ये होता, तर ते फार काही अडवू शकत नाहीत. लहान-मध्यम पुरांना त्यांचा उपयोग, महापुराला थोडा. आपल्या सह्याद्रीचा पाऊस तर कैक पटींनी मोठा. कॅल्डरच्या माथ्यावर वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; महाबळेश्वरला पाच-सहा हजार. तेव्हा ओंडके टाकले की कृष्णा शांत होईल, असे कोणी समजू नये.

धरणांचा वाद तेथेही आहे. हेब्डन ब्रिजच्या वर पिण्याच्या पाण्याची धरणे आहेत. ती पूर्ण भरलेली ठेवावीत, की पुराचे पाणी झेलण्यासाठी थोडी रिकामी? हिवाळ्यात ती दहा टक्के रिकामी ठेवून पाहण्याचा प्रयोग २०१७ पासून करण्यात आला. पाणीपुरवठा करणाऱ्यांना उन्हाळ्याची चिंता, काठावरच्यांना हिवाळ्याची. कोयना आणि अलमट्टी हे शब्द ऐकत वाढलेल्या आपल्याला हा पेच समजावून सांगण्याची गरज नाही.

आणि सर्वांत बोचरा प्रश्न विम्याचा. वारंवार पूर येणाऱ्या घराचा विमा कोणती कंपनी परवडेल अशा दराने उतरवील? यासाठी ब्रिटनमध्ये २०१६ पासून ‘फ्लड री’ ही योजना आहे. सर्व विमा कंपन्यांकडून वर्गणी घेऊन पूरग्रस्त भागातील घरांचा भार वाटून घेतला जातो. म्हणजे कोरड्या डोंगरावर राहणाराही ओल्या काठावर राहणाऱ्यासाठी थोडे देतो. कल्पना उत्तम. परंतु २००९ पासून पुढे बांधलेल्या घरांना ती लागू नाही, कारण धोका माहीत असताना नदीपात्राशेजारी नवी घरे बांधण्यास उत्तेजन मिळू नये. दुकानांना ती लागू नाही. आणि २०३९ मध्ये ती संपणार आहे. त्यानंतर काय? आमच्या गल्लीतील तरुण जोडप्यांच्या बोलण्यात हे साल वारंवार येई. घर घ्यावे की घेऊ नये, मुलांना येथेच वाढवावे की नाही, हे त्या आकड्यावर अवलंबून होते. काही जण २०२० नंतर निघून गेले. राहिले त्यांना मूर्ख म्हणता येत नाही, गेले त्यांना भित्रे म्हणता येत नाही.

आपण काय करावे?

सज्जनहो, परक्या गावाचे कौतुक ऐकून टाळ्या वाजवणे सोपे असते. मी चार गोष्टी आपल्यापुढे ठेवतो. त्यांपैकी एकीलाही मोठा निधी लागत नाही.

पहिली, प्रत्येक गल्लीची यादी. गल्लीतील वृद्ध, आजारी, गरोदर स्त्रिया, एकटे राहणारे कोण, आणि त्यांची जबाबदारी कोणाकडे, हे कागदावर असावे. गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी आपल्या मंडळांना घर न् घर ठाऊक असते. तीच मंडळे, तेच कार्यकर्ते मे महिन्यात हे काम दोन सायंकाळींत करू शकतील.

दुसरी, कोरड्या दिवसांतील सराव. नाव कोण चालवील, किती माणसे बसतील, जनावरे कोठे नेतील, हे पाणी आल्यावर ठरवू नये.

तिसरी, निळ्या आणि लाल रेषेचा मान. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदाची ती लाल. आपल्या नगराच्या नकाशावर त्या कोठून जातात, हे प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाने पाहून घ्यावे. निळ्या रेषेच्या आत सदनिका स्वस्त मिळते म्हणून घेणारा आणि तेथे इमारत उभी करणारा, दोघेही नदीची जागा घेत असतात. तिची किंमत मात्र शेजारच्या झोपडीतला आधी मोजतो.

चौथी, डोंगरावरील शेजाऱ्याशी नाते. सांगलीच्या मंडळाने वर्षातून एकदा वारणेच्या वा कृष्णेच्या खोऱ्यातील वरच्या एखाद्या गावी श्रमदानाला जावे. तेथील बांधाने सांगलीची पातळी इंचभरही कमी होईल असे आश्वासन मी देत नाही. परंतु त्या गावाची विहीर भरेल, आणि खालच्या माणसाला वरच्याचे नाव ठाऊक होईल. वरचे जंगल कोणी तोडू लागले, तर ते आपले आहे असे वाटणारी दोन गावे असतील.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीने चिपळूण बुडवले, त्यानंतर चिपळूणकर पात्रातील गाळ काढण्यासाठी एकजुटीने उभे राहिले. कोकणी माणसाने हे करून दाखवले. कॅल्डरच्या काठच्या चार हजारांच्या गावाने आपल्या परीने करून दाखवले. कृष्णाकाठ तर संतांची, पंडितांची आणि सहकाराची भूमी आहे. शेजाऱ्याच्या अडचणीत धावून जाणे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. ते आपल्या रक्तात आहे. त्याला फक्त शिस्तीची, यादीची आणि आगाऊ तयारीची जोड द्यावयाची आहे.

येत्या मृगाच्या आधी आपल्या गल्लीतील एक कोरा कागद घ्या आणि पहिल्या ओळीवर शेजारच्या सर्वांत वृद्ध माणसाचे नाव लिहा. त्यापुढे स्वतःचे नाव लिहा. एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.